पॉपलर लेनवरच्या माहेरवाशिणी

आमच्या गॅरेजमध्ये, गवत कापायच्या यंत्रामागे, एक लॉलीपॉप उभा आहे. खायचा नव्हे. इथल्या शाळांसमोर पिवळाधमक कोट घातलेल्या बायका उंच दांडा घेऊन रस्त्यात उभ्या राहतात. दांड्याच्या टोकाला गोल पाटी असते आणि पाटीवर ‘स्टॉप’ लिहिलेलं असतं. ती वर झाली की भल्याभल्यांच्या गाड्या थांबतात आणि पोरं रस्ता ओलांडतात. या बायकांना इथे लॉलीपॉप लेडी म्हणतात. आमच्याकडच्या लॉलीपॉपचा रंग उडालाय, पाटीला एका बाजूने पोचा आलाय. दर उन्हाळ्यात गॅरेज आवरताना निखिल विचारतो, "हा ठेवायचाच आहे का?" मी यंत्र पुसत राहते. तो दांडा पुन्हा जागेवर ठेवतो.

हा लॉलीपॉप फणसळकर काकूंचा.

काकू पहिल्यांदा दिसल्या त्या याच पाटीमागे. आम्हाला वॉटफर्डला येऊन पाचच महिने झाले होते. निखिलचा प्रोजेक्ट होता, माझी सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी होती, एक तिसऱ्या हाताची गाडी होती आणि भांडायला भरपूर वेळ होता. मार्चमधली संध्याकाळ, भुरभुर पाऊस. सुपरमार्केटमधून परतताना निखिल रस्ता चुकला. चुकलास म्हणून मी सांगितलं, चुकलो नाही म्हणून त्याने सांगितलं, आणि तेच आम्ही दोघंही पुन्हा पुन्हा सांगत असताना आमची गाडी पॉपलर लेन नावाच्या अरुंद रस्त्याला लागली. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला मोकळं शेत. वळणावर एकदम दिव्यांच्या झोतात पिवळा कोट चमकला आणि ‘स्टॉप’ची पाटी वर झाली. निखिलने करकचून ब्रेक मारला. आजूबाजूला शाळा नव्हती, पोर नव्हतं, चिटपाखरू नव्हतं.

पाच फूटही नसेल अशी एक बाई गमबूट वाजवत खिडकीशी आली. कपाळावर टिकली, डोक्यावर प्लास्टिकचा स्कार्फ.

"इंजिन बंद करा आधी," ती स्वच्छ मराठीत म्हणाली. "दिवे राहू देत. आणि काच खाली असली ना, की भांडण बाहेर ऐकू येतं हो."

आम्ही गार. तिने पुढे बोट दाखवलं. ओल्या रस्त्यावर मातीचं एक ढेकूळ पडलं होतं. बघता बघता ते ढेकूळ चालायला लागलं.

"बेडूक!" मी म्हटलं.

"बेडूक नव्हे, टोड. बेडूक उड्या मारतो. हा चालतो. म्हणून मरतो."

त्या टोडला रस्ता ओलांडायला चार मिनिटं लागली. मध्ये तो दोनदा थांबला. आमच्या मागे थांबलेल्या गाडीतल्या माणसाने हॉर्नवर हात ठेवला, तेव्हा काकूंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने तो लगेच काढला. मग त्या आमच्याकडे वळल्या. "कुठल्या?" "पुण्याच्या." "वाटलंच. रविवारी जेवायला या. पाऊस नसला तर. पाऊस असला तर मी इथे असेन."

अशी ओळख झाली. पुढे सहा-सात वर्षं ती पुरली, आणि खरं सांगायचं तर अजून पुरतेय.

काकूंचं नाव नलिनी. फणसळकर काका इथल्या छापखान्यात कामाला होते. बावीस वर्षांच्या काकू लग्न होऊन चिपळूणजवळच्या एका खेड्यातून थेट वॉटफर्डला आल्या, आणि वीस वर्षं शाळेसमोर लॉलीपॉप घेऊन उभ्या राहिल्या. काका गेले, त्याच सुमाराला त्या निवृत्त झाल्या. कौन्सिलने निरोपसमारंभ केला, केक कापला आणि लॉलीपॉप परत मागितला. काकूंकडे दोन होते. त्यांनी नवा दिला, जुना ठेवून घेतला. तो न्यायला कौन्सिलमधून एक माणूस आला होता म्हणे. त्याला त्यांनी कांदेपोहे खायला घातले, वर डबा बांधून दिला. तो डबा घेऊन गेला, लॉलीपॉप विसरून. "विसरला कसला, शहाणा होता," काकू म्हणायच्या.

त्या जुन्या लॉलीपॉपने त्यांनी दुसरी नोकरी धरली, बिनपगारी. पॉपलर लेनच्या एका बाजूच्या झाडीत हे टोड हिवाळाभर पालापाचोळ्याखाली झोपतात. थंडी सरत आली, हवेत जरा ऊब आली, पावसाची भुरभुर सुरू झाली की अंधार पडता पडता उठतात आणि चालू लागतात. शेताच्या पलीकडच्या टोकाला एक जुनं तळं होतं, त्या तळ्याकडे. त्यांचा जन्म तिथला, म्हणून अंडी घालायची तीही तिथेच. वाटेत दुसरं पाणी लागलं तरी चालत नाही. आणि मधोमध हा रस्ता, ऑफिस सुटायची वेळ, घरी पोचायच्या घाईतली आपल्यासारखी माणसं. काकू आणि ब्रायन नावाचा एक निवृत्त पोस्टमन असे दोघं टॉर्च आणि बादल्या घेऊन तिथे उभे राहायचे. बादलीत टोड गोळा करायचे आणि पलीकडे नेऊन सोडायचे. एखाद्याला चालत जायचंच असेल तर काकू लॉलीपॉप वर करायच्या. एकदा पोलिसाची गाडी थांबली. तो म्हणाला, मॅडम, ही पाटी फक्त मुलांसाठी वापरता येते. काकू म्हणाल्या, "दे आर ऑल्सो समबडीज चिल्ड्रन, ऑफिसर." तो बिचारा आपलं इंजिन बंद करून बसला.

महाशिवरात्र ते गुढीपाडवा हा काकूंचा सीझन. तेव्हा त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, मराठी मंडळाच्या नाटकाला बोलवायचं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात ठाण्याहून भावाने धाडलेलं कॅलेंडर लटकलेलं असायचं. आपण दूधवाल्याच्या रतिबाच्या खुणा करतो तशा फाल्गुनाच्या चौकोनांत काकू टोड मांडायच्या. वर जिवंत, खाली मेलेले. होळीच्या चौकोनात ‘८८’ आणि खाली ‘६’ असं मी स्वतः पाहिलंय. एकादशीच्या चौकोनात ‘उपास’ आणि ‘५१’ असं शेजारी शेजारी. मागच्या वर्षांची पानं कापून त्यांनी पिठाच्या डब्याखाली ठेवली होती. सुरुवातीच्या पानांवर एकेका संध्याकाळचे दोनशे-दोनशेचे आकडे होते.

"कमी का होतायत हो, काकू?"

"गाड्या वाढल्या. बागांमध्ये लोक औषधं मारतात. तळी बुजतात. शिवाय कोण मोजतंय? मोजलं नाही की कमी झालेलं कळतही नाही."

त्यांच्याबरोबर मी गेले ती आधी गंमत म्हणून. टोडला हात लावण्याआधी हात ओले करायचे, कोरड्या हाताने त्याची कातडी दुखावते, हा पहिला नियम. "सोवळ्यात असल्यासारखं वाग," असं म्हणून त्या बाटलीतलं पाणी माझ्या हातावर ओतायच्या. दुसरा नियम, घाई करायची नाही. "घाई कोणाला आहे, त्याला की तुला?" हे त्यांचं पेटंट वाक्य. ते त्या टोडबद्दल म्हणायच्या, दुधाबद्दल, माझ्या प्रमोशनबद्दल आणि निखिलच्या ड्रायव्हिंगबद्दलही.

एका संध्याकाळी त्यांनी टॉर्च खाली धरला आणि मला जवळ बोलावलं. एक मोठी, गलेलठ्ठ मादी चालली होती आणि तिच्या पाठीला तिच्या निम्म्या आकाराचा नर घट्ट चिकटला होता.

"ही बघ माहेरवाशीण. बाळंतपणाला निघालीय, आणि नवऱ्याला पाठीवर घेऊन निघालीय. सोडतोय का बघ! सासुरवाडीपर्यंतची त्याची सगळी चाल ही अशी."

मी इतकी हसले की ब्रायनला वाटलं काही झालं. त्याला समजावून सांगण्याचा काकूंनी प्रयत्न केला, पण ‘माहेर’ला इंग्रजी शब्द काही त्यांना सापडेना. "मदर्स हाउस," त्या म्हणाल्या. "ओन्ली मोअर."

मग हसू ओसरलं आणि त्या दिवशी, बादली हातात धरून, त्यांनी स्वतःचं सांगितलं. पुन्हा कधी ते बोलल्या नाहीत. लेकीच्या, शर्मिलाच्या, वेळी त्यांच्या आईने पत्रावर पत्रं लिहिली होती, ये, सातव्यात तरी ये. विमानाचं तिकीट तेव्हा आवाक्यातलं नव्हतं. जानेवारीत इथल्या हॉस्पिटलात बाळंत झाल्या. नर्सने चहा आणि टोस्ट आणून दिला. त्यावर रडायला आलं तर नर्सला वाटलं, टोस्ट आवडला नाही, म्हणून तिने दुसरा आणला. आठ वर्षांनी पहिल्यांदा गावी गेल्या, तेव्हा आई नव्हती. भाऊ ठाण्याला गेला होता. घरात दुसरी माणसं राहत होती. काकूंनी त्यांच्याकडे प्यायला पाणी मागितलं, ओट्यावर बसून प्यायल्या आणि परत आल्या.

"पण मी रुळले हो," त्या म्हणाल्या. "माणूस रुळतं. इथंच माझं सगळं झालं. लोक उगाच गळे काढतात."

मला दिवस गेले तेव्हा आमच्या व्हिसाची कागदपत्रं अडकली होती. पुण्याला जाता येईना. आईला यायला जमेना, बाबांचं ऑपरेशन होतं. इराचा जन्म फेब्रुवारीतला. हॉस्पिटलातून घरी आलो तर दारात काकू उभ्या. एका हातात डिंकाच्या लाडवांचा डबा आणि दुसऱ्या हातात बाळाला न्हाऊ घालायचा एक निळा प्लास्टिकचा टब. पुढचे दोन महिने त्या रोज दुपारी आल्या. इराला पायांवर घेऊन तेल चोळलं, टबात न्हाऊ घातलं, मला अळिवाची खीर खायला लावली, आणि पाच वाजले की पिवळा कोट चढवून निघाल्या. "एक माहेरवाशीण झाली, आता उरलेल्या." दार लोटून त्या गेल्या की मी रडायचे. आईची आठवण येऊन की काकू गेल्या म्हणून, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

आणि मग ते शेत विकलं गेलं.

तिथे तीसेक घरं होणार होती. तळं घरांच्या मधोमध येत होतं, म्हणून ते बुजणार होतं. त्याबदल्यात बिल्डर झाडीच्याच बाजूला, रस्त्याच्या अलीकडे, नवं तळं खोदून देणार होता. चर्चच्या हॉलमध्ये रहिवाशांची मीटिंग भरली. बिल्डरतर्फे एक तरुण मुलगी आली होती. प्राण्यांचं शिकलेली, गोड, नकाशे घेऊन आलेली. ती म्हणाली, नव्या तळ्यामुळे टोडना रस्ता ओलांडावाच लागणार नाही. एकही मरणार नाही. ऐकायला हे इतकं छान वाटत होतं की कुणाला काही सुचेना. फक्त ब्रायन मान हलवत होता. "दे वोन्ट वेअर इट, नल," तो काकूंना म्हणाला. म्हणजे, त्यांना हे पटायचं नाही.

त्या मुलीने काकूंनाच विचारलं. तुम्ही इतकी वर्षं यांना ओळखता, तुम्हाला काय वाटतं?

काकू उठल्या. पिवळा कोट तसाच अंगात होता. "आय केम हिअर ट्वेंटी-टू इयर्स ओल्ड," त्या म्हणाल्या. "नो सन, नो कढीपत्ता, नो मदर. आय ॲडजस्टेड. दे विल ऑल्सो ॲडजस्ट. गुड वॉटर इज गुड वॉटर."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात माझ्या. टोड वाचवणाऱ्या बाईचंच काही म्हणणं नाही म्हटल्यावर इतर कुणी बोलायचा प्रश्न उरला नाही. ब्रायन टोपी घालून निघून गेला, आणि महिनाभर काकूंशी बोलला नाही.

तळं बुजवण्याच्या आदल्या दिवशी काकूंनी जुन्या तळ्यातलं पाणी दोन बादल्या भरून नव्या तळ्यात नेऊन ओतलं. "विरजण लागतं थोडं," त्या म्हणाल्या. निखिलने आणि मी तिसरी आणि चौथी बादली वाहिली. बांधकाम चाललं ती दोन वर्षं रस्त्याच्या कडेने गुडघ्याएवढं प्लास्टिकचं कुंपण होतं. टोड त्याला येऊन अडायचे, त्याच्या कडेकडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे, पुन्हा परत चालायचे. काकू आणि ब्रायन त्यांना उचलून नव्या तळ्यात सोडायचे. दुसऱ्या वर्षी तळ्यात अंड्यांची एक काळी माळ दिसली तर काकूंनी आख्ख्या पॉपलर लेनला पेढे वाटले. ब्रायनला दोन दिले.

घरं तयार झाली. जे बुजवलं त्याचं नाव द्यायची इथे रीत आहे. आमच्या गल्लीचं नाव पाँड क्लोज. होय, आमच्या. आम्हीही तिथेच घर घेतलं. काकूच मागे लागल्या होत्या, "घ्या गं, जवळ राहाल."

त्यानंतरच्या वसंतात कुंपण काढून नेलं. आता त्याची गरज नव्हती. महाशिवरात्र झाली, भुरभुर सुरू झाली. त्या शुक्रवारी संध्याकाळी काकू नव्या तळ्याच्या काठी घडीची खुर्ची टाकून बसल्या होत्या, थर्मास घेऊन. टोड आपल्या पायांनी येतील, आता नुसतं बघायचं, इतक्या वर्षांनी बादली नाही, लॉलीपॉप नाही. दोन तास बसल्या. चार-पाच आले. थंडी असेल, उद्या येतील, असं म्हणून त्या घरी गेल्या.

शनिवारी सकाळी मी इराला घेऊन दार उघडलं. आमच्या नव्याकोऱ्या डांबरी गल्लीत, गाड्यांच्या चाकांच्या वाटेवर, ते पसरले होते. काही सपाट झाले होते, काही नुसते एका बाजूने. रात्री सगळे कामावरून, जेवणाहून, सिनेमाहून घरी आले होते. आम्हीही आलो होतो, निखिलच चालवत होता. आमच्या ड्राइव्हवर, म्हणजे दारापुढे गाडी लावतो तिथे, टायरची ओली खूण होती आणि त्या खुणेत दोघं होते, एक मोठी आणि तिच्या पाठीवर एक.

मी काकूंना फोन केला. काय बोलले ते आठवत नाही. त्या दहा मिनिटांत आल्या. घरातल्या सपाता घालूनच आल्या होत्या, आणि हातात बादली. त्यांनी बाटलीतलं पाणी हातावर घेतलं, हात ओले केले, मेलेल्यांसाठीसुद्धा, आणि एकेकाला उचलायला लागल्या. शेजारी आपापल्या दारात उभे राहून बघत होते. सव्वीस निघाले. गल्लीच्या मधोमध जिथे पाण्याचं डबकं साचलं होतं, तिथे तीन जिवंत बसले होते, डबक्यात पाय बुडवून. गटाराच्या जाळीतून एकाचा आवाज येत होता, बारीक, कुत्र्याचं पिल्लू कुंईकुंई करावं तसा. निखिलने ती जाळी उचलायचा खूप प्रयत्न केला. ती नाही निघाली.

काकू डबक्याशी खाली बसल्या.

"तळं इथं होतं," त्या म्हणाल्या. "अगदी इथं."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी त्यांच्या वतीनं बोलले गं. त्या हॉलमध्ये उभी राहून. मी रुळले, तेही रुळतील. कुणी विचारलं होतं त्यांना?" मग, अगदी हळू, "मला तरी कुणी विचारलं होतं?"

मी टाळ्या वाजवल्या होत्या. माझं घर त्या तळ्यावर उभं होतं आणि हप्ते वेळेवर जात होते. काकूंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

त्या दिवसाच्या चौकोनात त्यांनी ‘३’ लिहिलं, आणि खाली ‘२६’. पुढच्या संध्याकाळपासून पुन्हा पिवळा कोट, पुन्हा लॉलीपॉप, या वेळी पाँड क्लोजच्या तोंडाशी. दिवसा त्या घरोघर फिरल्या. तीस दारं. प्रत्येकाकडे एकच मागणं, मागच्या अंगणात जमिनीत एक टब पुरा, पाणी भरून ठेवा. बादलीएवढा असला तरी चालेल. लोक भले होते, हो म्हणाले, चहा दिला. टब पुरले फक्त सात घरांनी. इतरांच्या मागच्या अंगणात लाकडी डेक होते, पोरांच्या ट्रॅम्पोलिन होत्या. आमच्याकडे इराचा निळा टब होता. काकूंनीच तो पुरला, कडेने दगड लावले, एका बाजूला चढायला उतरण केली. इराला वाटलं, तिचा टब मेला. तिला समजावता समजावता काकूंना हसू आलं, ते मला त्या वर्षातलं त्यांचं शेवटचं हसू आठवतं.

टबात कुणी आलं नाही. एका डासाशिवाय.

पुढच्या वर्षी सगळ्या सीझनचे मिळून एकोणीस. त्याच्या पुढच्या वर्षी सहा. ब्रायनचं हृदयाचं दुखणं निघालं, त्याचं येणं बंद झालं. काकूंचे गुडघे गेले होते. शर्मिला लीड्सहून फोन करून रागवायची, एकदा आली तेव्हा माझ्यादेखतच म्हणाली, "आई, तू असा पाऊसमध्ये किती वेळ उभी राहणार? तुझा गुडघे दुखते ना? अँड देअर आर नन लेफ्ट, आई. कोण नाहीये आता."

"म्हणूनच उभी राहते," काकू म्हणाल्या. "कुणीतरी आली आणि मी नसले तर?"

शेवटी ठरलं. घर विकायचं, काकूंनी लीड्सला लेकीकडे जायचं. काकूंनी वाद घातला नाही. त्यांनी पिठाच्या डब्याखालची कॅलेंडरची पानं मला आणून दिली. "तुला आकड्यांची सवय आहे," म्हणाल्या. लॉलीपॉपही पुढे आमच्याकडेच राहिला. लीड्सला गेल्यावर त्या वर्षभरच होत्या. फोनवर बोलायच्या, इथे जवळपास पाणी नाही म्हणायच्या. एका सकाळी शर्मिलाचा फोन आला, त्याबद्दल मला लिहायचं नाही. माझ्यापुरत्या काकू अजून तिथेच आहेत, जिथे मी त्यांना शेवटचं पाहिलं.

त्या लीड्सला निघायच्या आदल्या दिवसाची ती संध्याकाळ. मार्च, भुरभुर. मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी प्रवासाला म्हणून दशम्या करत होते. खिडकीतून पिवळा कोट दिसला. काकू पाँड क्लोजच्या तोंडाकडून आत येत होत्या, पण अशा सावकाश की मला आधी वाटलं, पाय भरून आलेत. मग दिसलं. त्यांच्या दोन पावलं पुढे एक टोड चालत होती. मोठी मादी, पाठीवर कुणी नाही. काकूंच्या हातात बादली होती, पण त्यांनी तिला उचललं नव्हतं. लॉलीपॉप वर धरून त्या तिच्या मागून तिच्या चालीने येत होत्या. ती थांबली की थांबत होत्या.

मी हातातलं पीठ तसंच ठेवून दारात गेले. मागून एका सामान पोचवणाऱ्या गाडीचे दिवे गल्लीत वळले. काकूंनी मागे न बघता पाटी तेवढी तिकडे फिरवली. गाडी थांबली. थोड्या वेळाने तिचं इंजिनही बंद झालं.

आमच्या घराशी ती वळेल असं मला वाटलं. बाजूच्या बोळातून मागे, निळ्या टबाकडे. मी बोळाचं फाटक उघडून धरलं. तिने ढुंकून पाहिलं नाही. ती गल्लीच्या मधोमध गेली, जिथे त्या शनिवारी डबकं होतं, आणि थांबली. डबकं नव्हतं, मधल्या काळात तिथे नवीन डांबर पडलं होतं. पावसाने ते नुसतं चमकत होतं.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. ती हलेना.

"काकू," मी म्हटलं, "दमलीय का हो ती? उचलून नेऊ पुढे?"

काकूंनी मान हलवली. पाटी वरच होती.

"दमली नाही गं," त्या म्हणाल्या. "पोचली."

गाडीतला माणूस खाली उतरून दाराला टेकून उभा राहिला. घराघरांत दिवे लागत होते. मी आतून खुर्ची आणली. काकू बसल्या नाहीत.